आमचं लेखाशीर्ष कोणतं? : तीन मंत्र्यांना एका व्यसनमुक्ती समुपदेशकाचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य,
मा. मंत्री, वित्त,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या माणसांच्या पगाराची, शिक्षणाची आणि टिकून राहण्याची तरतूद करण्याबाबत.

महोदय,

तिघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण एकाला लिहिलं की ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ दुसऱ्याकडे वर्ग होतं. हा टोमणा नाही, अनुभव आहे. बरं, थोडा टोमणाही आहे.

बालाघाटच्या डोंगराखालच्या एका तालुक्यात पंधरा खाटांच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी एकोणीस वर्षं समुपदेशक आहे. शिक्षण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. केंद्र संस्थेचं, अनुदान सरकारचं. केंद्राचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण पुढच्या हप्त्याची फाईल अजून टेबलावर आहे.

पत्राचं निमित्त एवढंच, की गेल्या महिन्यात आमचे मामा सोडून गेले.

दवाखान्यात वॉर्डबॉयला मामा म्हणतात तसे आमचेही मामा. अकरा वर्षांपूर्वी ते इथे पेशंट म्हणून आले होते, तेही तीनदा. तिसऱ्यांदा टिकले. नऊ वर्षं थेंब नाही, आणि त्यातली आठ वर्षं आमच्याकडे रात्रपाळी. दारू अचानक तोडलेल्या माणसाचे दुसरे-तिसरे दिवस तुम्ही पाहिले आहेत का, माहीत नाही. अंगाला घाम, हात थरथरतात आणि रात्री भास सुरू होतात. मागच्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. अडीच वाजले असतील. पेशंट चादरीवरून मुंग्या वेचत होता. मुंग्या नव्हत्याच. तो एक-एक चिमटीत धरून खाली टाकायचा आणि मोजायचा. डॉक्टरांना फोन झाला, त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन सिस्टरने दिलं. मामांनी ट्यूबलाइट बंद होऊ दिली नाही. अंधारात भास वाढतात हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, ते त्यातून गेलेत. खाटेच्या कडेला बसून दर थोड्या वेळाने सांगत राहिले, “आज मंगळवार हाय. तुम्ही केंद्रात हायत. मी हाय इथं.” पहाटे पाचपर्यंत. एकदाही आवाज चढला नाही.

ह्या मामांचं मानधन सात महिने थकलं होतं. आता ते चाकणला एका गोदामात आहेत. जाताना म्हणाले, “मॅडम, तिथं सात तारखेला मेसेज येतो.” मी त्यांना थांबा म्हणाले नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

आमच्या कामात मशीन नसतं, हे आधी नीट समजून घ्यावं ही विनंती. पहिले आठ-दहा दिवस गोळ्या, सलाईन, बी-वन जीवनसत्त्व. त्यानंतर जे काही उरतं ते माणसाने माणसाशी बोलणं. सकाळचा गट, दुपारी बायकोशी बोलणं, संध्याकाळी वहीत लिहून घेणं, घरी गेल्यावर फोन. म्हणून इथे माणूस कमी झाला की उपचारच कमी होतो. आणि नेमकं माणसासाठीच पैसे नसतात. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाची रॅली निघते, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचं बॅनर लागतं, शपथेचे फोटो पोर्टलवर चढवावे लागतात. मराठवाड्यात सरकारी मनोरुग्णालय हवं ही मागणी जुनी, जालन्याला त्याला मंजुरी मिळाली, आनंदच झाला. पण इमारतीची कोनशिला बसते तशी माणसाची बसत नाही, हीच अडचण असावी.

आता गाऱ्हाणी.

पहिलं अनुदानाच्या वेळेचं. पैसा केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडून येतो, ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करावा लागतो, हे सगळं मला पाठ आहे. त्यामुळे ‘हा विषय दिल्लीचा’ असं उत्तर कृपया देऊ नये. जिल्ह्याची तपासणी आणि राज्याची शिफारस झाल्याशिवाय दिल्लीतली फाईल हलत नाही, आणि गेल्या वर्षी आमचा तपासणी अहवाल पुढे सरकायलाच पाच महिने गेले. ह्या पाच महिन्यांत केंद्र बंद ठेवता येत नाही. मग काय होतं? किराणावाला उधारीवर देतो, कारण तो गावातला आहे. औषध दुकानदार निम्मे मागतो. लाइट बिल भरावंच लागतं. सगळ्यात शेवटी पगार. पेशंटला उपाशी ठेवता येत नाही, मामांना ठेवता येतं, असा हा हिशेब आहे. दोनदा आमच्या अध्यक्षांनी स्वतःच्या सोसायटीच्या कर्जातून पगार केले. तिसऱ्यांदा त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

आमच्या क्षेत्रात चोर नाहीत असं मी म्हणणार नाही. तपासणीच्या दिवशी खाटांवर गावातली पोरं झोपवणारी केंद्रं असतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. त्यांची मान्यता काढा, गुन्हे दाखल करा, आम्ही टाळ्या वाजवू. बायोमेट्रिक लावलं, कॅमेरे लावले, तेही चांगलंच. पण सुक्याबरोबर ओलंही जळतंय. माझा अंगठा यंत्राला रोज सकाळी नऊला कळतो. त्याच अंगठ्याचा पगार कुणालाच का कळत नाही?

दुसरं गाऱ्हाणं आरोग्य खात्याचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला, म्हणजे माझ्या काही पेशंटपेक्षा वयाने मोठा. केंद्र सरकारच्या निकषांत एका जिल्ह्यासाठी वर्षाला ८३.२० लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असा संच धरलेला आहे. कागदावर छान दिसतो. पण बहुतेक जागा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. आमच्या जिल्ह्यात मी ज्यांच्याकडे पेशंट पाठवते ती मानसशास्त्रज्ञाची खुर्ची चार वर्षांत तिघांनी सोडली आणि आता रिकामी आहे. खुर्ची बदलली की पेशंट पहिल्यापासून सुरू करतो : आई कधी गेली, पहिला घोट कधी घेतला, कर्ज किती. तिसऱ्या वेळी एकजण मला म्हणाला, “ताई, माझी कहाणी आता मलाच पाठ झालीय, खोटी वाटायला लागलीय.” त्यानंतर तो गेला नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर संपावर गेले, तेव्हा लोकांना लस आणि बाळंतपण थांबल्याचं दिसलं. मनाच्या ओपीडीला कुणी येत नाही म्हणजे सगळे बरे आहेत, असं समजायची आपल्याकडे सोय आहे.

मनुष्यबळाची ही मागणी मी पदरचं काढून करत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ देशात लागू झाला, २९ मे २०१८ पासून. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास त्याच्या व्याख्येतच आहेत, म्हणजे आम्ही त्यात येतो. त्याचं कलम ३१ वाचावं. मनुष्यबळ वाढवण्यासाठी शिक्षण आणि प्रशिक्षणाचं नियोजन करणं ही सरकारची जबाबदारी त्यात लिहिली आहे. शिवाय लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत करायचे आहेत. दहा वर्षं २९ मे २०२८ ला भरतात. तोवर किती माणसं उभी करणार, दर वर्षी किती, कोणत्या जिल्ह्यात, असं एखादं पान तयार असेल तर ते लोकांसमोर ठेवा. मी स्वतः प्रिंट काढून भिंतीला लावेन.

तिसरं गाऱ्हाणं शिक्षणाचं, आणि ह्यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ह्यात माझीही एक हुकलेली गाडी आहे.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करावा लागतो. इतकी वर्षं तो एम.फिल. होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच बंद केली, मग ह्या दोन विषयांपुरती, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य, प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली. मोठ्या शहरांतल्या मुलांना ह्या बदलांची माहिती तरी असते. आमच्याकडे मानसशास्त्रात बी.ए. केलेल्या मुली मला विचारायला येतात, “मॅडम, पुढे काय करू?” मी त्यांना काय सांगते ते ऐका. सांगते, जागा मोजक्या आहेत, बहुतेक पुण्या-मुंबईकडे, खासगीत फी परवडणार नाही, राहण्याचा खर्च वेगळा. आणि एवढं करून परत आलीस तर अकरा महिन्यांची ऑर्डर. हे बोलून झाल्यावर मला माझीच लाज वाटते. त्यातली एक आता तलाठी परीक्षेची तयारी करते आहे. योग्यच करते आहे.

माझी गोष्ट अशी, की २०१४ साली मला एम.फिल.ला जायचं होतं. प्रवेश परीक्षेची तयारी रात्रपाळीत केली होती. पण दोन वर्षं बिनपगारी रजा म्हणजे नोकरी सोडणंच, सासऱ्यांचं डायलिसिस सुरू होतं. कामावर असलेल्या माणसाला पगार चालू ठेवून शिकायला पाठवण्याची एखादी योजना मी तेव्हा खूप शोधली. बार्टी, सारथी, महाज्योती ह्या आपल्याच संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात, त्यातून आमच्या भागातली मुलं शिकली, त्याचं मोल मी जाणते. पण दारूच्या पेशंटसमोर बसायला शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मला त्या वेळी सापडली नाही आणि माझ्या हाताखालच्या मुलींना आजही सापडत नाही. तीन दिवसांची, पाच दिवसांची प्रशिक्षणं होतात. निम्हान्सचे, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे, ऑनलाइन वर्ग आहेत, ते मी केलेत आणि चांगले आहेत. मात्र ते ऐकताना केंद्रात माझ्या जागी बसायला कुणी नसतं. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानाने वॉर्ड.

आणि मामांसारख्यांचं काय? पुण्यातलं मुक्तांगण १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं, तेव्हापासून महाराष्ट्राला हे माहीत आहे की बरा झालेला माणूस ह्या कामात सोन्यासारखा असतो. पण तो नववी नापास असतो. त्याच्या नऊ वर्षांच्या निर्व्यसनीपणाला कोणतंही प्रमाणपत्र नाही, त्यामुळे तो कायम वॉर्डबॉय. एक वर्षाचा, मराठीतला, वेतनासह अभ्यासक्रम काढा आणि त्याला सहकारी समुपदेशकाचं पद द्या. ह्याला कोटींची इमारत लागत नाही.

चौथी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण लांबवली तर मला लिहिता येणार नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून घरी गेलेल्या एका तरुण शेतकऱ्याने दीड महिन्याने आत्महत्या केली. मी दहाव्याला गेले होते. त्याच्या आईने मला चहा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी गट घेतला, विषय होता ‘आशा’. आमचं ऐकून घ्यायला कुणी नेमलेलं नसतं. मोठ्या संस्थांमध्ये समुपदेशकाला वरिष्ठ समुपदेशक असतो, दर आठवड्याला तासभर बसून तो केस ऐकतो. आमच्याकडे माझ्या वर हिशेबनीस आहे.

आता मा. वित्तमंत्र्यांसाठी. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट, देशीवर प्रूफ लिटरमागे (मद्यार्काच्या प्रमाणावर ठरणारं माप) १८० वरून २०५ रुपये. १८० मिलीची देशीची बाटली किमान ८० रुपयांची झाली. ह्यातून तिजोरीत वर्षाला १४,००० कोटी रुपये जास्त येतील, असा अंदाज सरकारनेच सांगितला. शुल्कवाढीला माझा विरोध नाही. दारू महाग झाली की काहीजण कमी पितात, हे मी पाहिलं आहे. काहीजण हातभट्टीकडे वळतात, तेही पाहिलं आहे. दारूबंदी हवी की नको ह्या वादात मी पडत नाही. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपूरला २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, थरथरणारा हात धरायला कुणीतरी लागतं.

माझा प्रश्न त्या १४,००० कोटींमधल्या एका पैशाचा आहे. प्रत्येक वाढीव रुपयामागे एक पैसा म्हणजे १४० कोटी. छत्तीस जिल्ह्यांत वाटले तर जिल्ह्याला पावणेचार कोटींहून जास्त. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या पाहणीत असं निघालं, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळतात, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार १८० मध्ये एकाला. उरलेल्या सदतीस जणांच्या क्वार्टरवरचं शुल्क मात्र दररोज, न चुकता, वेळेवर जमा होतं. त्याच्यासाठी कुणाला युसी, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचं प्रमाणपत्र, जोडावं लागत नाही.

आमच्या भागातला माणूस दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. जून-जुलैत आमच्याकडे उपचार घेऊन सावरलेला पेशंट ऑक्टोबरात कर्नाटकात किंवा कोल्हापूरकडे पाचटाच्या खोपीत असतो, आणि तिथे थकवा घालवायला काय मिळतं ते सांगायला नको. परत घसरायचा धोका ह्याच सहा महिन्यांत सर्वांत जास्त. मी रात्री नऊनंतर फोन करते, ट्रॅक्टर भरून झाल्यावर. माझा फोन, माझा रिचार्ज. नऊ वाजता माझ्याही घरी स्वयंपाक असतो. फडावर जाऊन भेटायला एक माणूस आणि एसटीचं भाडं मिळालं असतं, तर कितीजण पाडव्याला न पिता परत आले असते, ह्याचा विचार मी करत नाही. केला तर काम करता येत नाही.

केंद्र सरकारने टेलि-मानस सुरू केलं, १४४१६. उत्तम केलं, आमच्या दारावर तो नंबर लिहिलेला आहे. पण त्या फोनवरची ताई शेवटी म्हणते, जवळच्या केंद्रात जा. जवळचं केंद्र म्हणजे आम्ही, आणि आमच्याकडे रात्रपाळीला माणूस नाही.

तर मागण्या अशा. वाढीव उत्पादन शुल्काचा किमान एक टक्का व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याच्या मनुष्यबळासाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या वेगळ्या खर्च-खात्यात, ठेवावा आणि त्यातून बॅनर, रॅली, फर्निचर खरेदी करता येणार नाही असं शासन निर्णयातच लिहावं. अनुदानित केंद्रांच्या कर्मचाऱ्यांचं मानधन दरमहा थेट त्यांच्या खात्यात जावं. दिल्लीचा हप्ता येईपर्यंत राज्याने ते फिरत्या निधीतून द्यावं आणि हप्ता आला की वळतं करून घ्यावं. जिल्ह्याच्या तपासणीला आणि राज्याच्या शिफारशीला तीस-तीस दिवसांची मुदत असावी आणि उशीर झाला तर कोणाच्या टेबलावर झाला ते पोर्टलवर दिसावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली पदं कायम करावीत. एकदम जमत नसेल तर निदान पाच वर्षांची ऑर्डर द्यावी.

शिक्षणासाठी, दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून किमान दोन कार्यरत समुपदेशक किंवा परिचारिका पूर्ण वेतनावर पुढच्या शिक्षणाला पाठवाव्यात. बदल्यात पाच वर्षं त्याच जिल्ह्यात सेवेचा बाँड घ्या, आम्ही आनंदाने देऊ. केंद्रात त्यांच्या जागी बदली माणूस द्या, नाहीतर जाणार कुणी नाही. बरे झालेल्या व्यक्तींसाठी सहकारी समुपदेशकाचं पद आणि त्याचा मराठी अभ्यासक्रम सुरू करा. ऊसतोडीच्या हंगामात पाठपुराव्यासाठी आमच्या पट्ट्यातल्या केंद्रांना एक फिरता कार्यकर्ता आणि प्रवासखर्च द्या. आणि महिन्यातून एकदा आम्हाला कुणीतरी ऐकावं, फोनवर चालेल.

कायम नोकरी, गाडी, बंगला असलं काही मी स्वतःसाठी मागत नाही. माझी निवृत्तीला अकरा वर्षं राहिली आहेत, तशीही आमच्याकडे निवृत्ती म्हणजे फक्त न येणं असतं.

आपली,
एक समुपदेशक, बालाघाट

ता.क. मामांच्या जागेसाठी आम्ही बसस्टँडच्या फलकावर आणि दोन व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात दिली. दोघेजण विचारायला आले. दोघांनीही पहिलाच प्रश्न विचारला, “पगार वेळेवर होतो का?” मी दोघांनाही सोमवारी सांगते म्हणाले आहे. त्यांना काय सांगावं, हे आपल्या कार्यालयाने सोमवारपूर्वी कळवावं, ही विनंती.